ऐपतीची अट आणि हप्त्याची तारीख

२०२६ च्या हज यात्रेसाठीची सोडत भारतीय हज समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये काढली. निवड झालेल्यांनी पहिला हप्ता म्हणून माणशी दीड लाखाहून अधिक रुपये थोड्या दिवसांत भरावयाचे होते. त्या सुमारास वऱ्हाडात कपाशीला पाते-फुले लागत होती, सोयाबीनच्या शेंगा भरायच्या होत्या. जूनमध्ये उचललेले पीककर्ज बियाण्यात, खतात आणि निंदणीच्या मजुरीत जिरलेले होते आणि दसरा-दिवाळीच्या आधी हाती काही येण्याची शक्यता नव्हती. अकोला किंवा अमरावती जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या घरातील सर्वांत रिकामा महिना कोणता असे विचारले, तर तो हाच. आणि नेमक्या याच महिन्यात तेथील मुस्लिम शेतकऱ्याला, तसेच ज्याची विक्री शेतकऱ्याच्या खिशावर अवलंबून असते त्या बागवानाला, मन्याराला आणि छोट्या दुकानदाराला, आपली ऐपत रोखीने सिद्ध करून दाखवावयाची होती.

ही तारीख कोणी दुष्टाव्याने ठरविलेली नाही. मक्का-मदिनेतील निवास, मीना व अराफात येथील तंबू आणि वाहतूक यांचे करार सौदी सरकार आता बरेच महिने आधी करून मागते. २०२५ मध्ये भारताच्या १,७५,०२५ जागांपैकी खाजगी यात्रा कंपन्यांच्या वाट्याला आलेल्या सुमारे ५२ हजार जागांपैकी बहुतेक जागा हातच्या गेल्या, त्या या मुदती पाळल्या न गेल्यामुळेच, असे सरकारने सांगितले. तेव्हा घाईला कारण आहे. परंतु कारण असणे ही एक गोष्ट आणि त्या घाईचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो ही दुसरी. मुंबईच्या व्यापाऱ्याला ऑगस्ट आणि जानेवारी सारखेच. बाळापूर, बार्शीटाकळी, अकोट, अंजनगाव सुर्जी किंवा अचलपूरच्या माणसाला ते सारखे नाहीत.

हज फर्ज आहे, परंतु सर्वांवर नाही. कुराणाच्या तिसऱ्या सूरेतील सत्त्याण्णवाव्या आयतीत ही आज्ञा येते ती, तेथवर पोहोचण्याचे सामर्थ्य ज्याला आहे त्याच्यापुरती. या सामर्थ्याला धर्मशास्त्राच्या भाषेत इस्तिताअत म्हणतात. वऱ्हाडातील बहुसंख्य मुस्लिम ज्या हनफी परंपरेचे आहेत, तिच्या शास्त्रकारांनी त्याचा हिशेब एखाद्या काटेकोर जमाखर्चनिसाने मांडावा तसा मांडून ठेवला आहे. जाण्यायेण्याचा खर्च हवा. परत येईपर्यंत मागे राहणाऱ्या, आपल्यावर अवलंबून असणाऱ्या माणसांच्या निर्वाहाची तरतूद हवी. आणि हे सारे देणी वजा जाता उरावे. पत्नीचा द्यावयाचा राहिलेला मेहेर हेही देणेच. राहते घर, नित्याचे सामान, कारागिराची हत्यारे आणि जी विकली असता घराचे पोट चालणार नाही ती जमीन, यांतले काहीही ऐपतीत धरावयाचे नाही. कर्ज काढून हजला जाणे कोणावरही बंधनकारक नाही. कर्तव्य आयुष्यात एकदाच आहे. पैगंबरांनी स्वतः मदिनेला स्थलांतर केल्यानंतर एकच हज केली, ती इ.स. ६३२ मध्ये.

थोडक्यात, ऐपतीची अट ही गरिबाला दूर ठेवणारी भिंत म्हणून आलेली नाही. ती गरिबाच्या घराला, त्याच्या हत्यारांना, त्याच्या बायकामुलांच्या भाकरीला दिलेले संरक्षण आहे. ज्याच्या डोक्यावर सोसायटीचे थकीत कर्ज आहे आणि ते फेडावयास ज्याच्याजवळ काही उरलेले नाही, त्याने मक्केला न गेल्याने त्याचा धर्म उणा होत नाही, असे त्याचे शास्त्रच त्याला सांगते.

हे संरक्षण मोडले की काय होते याचा अनुभव हिंदुस्थानने पूर्वी घेतलेला आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून जेद्दाला आगबोटी जाऊ लागल्या, तसे जाण्यापुरतेच भाडे गाठीशी असलेले यात्रेकरू मोठ्या संख्येने जाऊ लागले. परतीचे पैसे नसल्याने ते जेद्दाच्या बंदरात अडकून पडत, भीक मागत, रोगराईला बळी पडत. ‘कंगाल यात्रेकरूंचा प्रश्न’ या नावाने सरकारी दप्तरांत त्यावर पुष्कळ शाई खर्ची पडली. १८८६ मध्ये सरकारने यात्रेची व्यवस्था थॉमस कुक कंपनीकडे दिली आणि काही वर्षांतच कंपनीने ती सोडली, कारण त्या धंद्यात नफा नव्हता. पुढे १९२० नंतरच्या दशकात परतीचे तिकीट किंवा तेवढी अनामत सक्तीची झाली. शास्त्रकारांनी घातलेली ‘जाणे आणि येणे’ दोन्हींची अट परकीय सरकारला शेवटी कायद्याने घालावी लागली.

आज जेद्दात कोणी अडकून पडत नाही. हज समितीची रक्कम परतीच्या प्रवासासह असते. अडकणारे मागे, गावात अडकतात. नावापुढे ‘हाजी’ लागणे ही प्रतिष्ठा आहे आणि छोट्या गावात प्रतिष्ठेचे मोल रोकडे असते. सोयरीक जुळविताना, मोहल्ल्यातील तंटा सोडविताना, मशिदीच्या व्यवस्थेत शब्द चालताना ते दिसते. जाताना नातेवाइकांच्या भेटी आणि निरोपाची जेवणे, येताना जमजमचे पाणी, खजूर, जानमाज आणि तसबी यांच्या भेटी, आल्यावर पुन्हा दावत. या खर्चाला शास्त्रात जागा नाही, तरी कुटुंबाच्या वहीत तो असतोच. मग म्हातारपणी एकदा तरी, या ओढीने जमिनीचा तुकडा विकला जातो, दागिना मोडला जातो, किंवा भावाकडून, अडत्याकडून, सोनाराकडून उचल घेतली जाते. उलट, मुलींची लग्ने उरकल्याशिवाय हज नाही, हा जो समज सर्वत्र आढळतो तोही शास्त्राचा नसून लोकांचा आहे. त्यापायी हाती पैसा असतानाचे दिवस निघून जातात आणि लग्नाच्या खर्चाने ऐपतच संपते.

या गोष्टीत मुस्लिम समाज वेगळा आहे असे समजण्याचे कारण नाही. तीर्थयात्रेसाठी आणि तीर्थप्रसादाच्या गावजेवणासाठी सावकाराचे दार ठोठावणारा शेतकरी सर्व धर्मांत होता. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या आणि १९५६ मध्ये अमरावतीजवळच देह ठेवलेल्या गाडगेबाबांनी आयुष्यभर खराटा हाती घेऊन कीर्तनातून हेच सांगितले की कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून देवाला जाऊ नका. स्वतः मात्र त्यांनी पंढरपूर, नाशिक यांसारख्या ठिकाणी गरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. यात्रेची टवाळी न करता यात्रेकरूचा खर्च आणि हाल कमी करावयाचे, आणि त्याच वेळी त्याला कर्जापासून परावृत्त करावयाचे, अशी ही दुहेरी भूमिका होती. वऱ्हाडातील पुरोगाम्यांनी हजच्या प्रश्नाकडे पाहताना हा शेजारचाच धडा विसरू नये.

सरकारने काय केले? १९५९ मध्ये परकीय चलनाची चणचण इतकी होती की रिझर्व्ह बँकेने यात्रेकरूंसाठी वेगळ्या हज नोटा छापल्या. पुढे समुद्रमार्ग आक्रसत गेला आणि १९९५ नंतर बोटी बंदच झाल्या. विमानप्रवास महाग, म्हणून यात्रेकरूने ठरावीक रक्कम भरावयाची आणि उरलेले भाडे सरकारने परस्पर विमान कंपनीस द्यावयाचे, अशी सवलत चालू राहिली. ही रक्कम मुस्लिमांच्या खिशात जाते असा प्रचार वर्षानुवर्षे झाला. प्रत्यक्षात ती जात होती विमान कंपनीच्या खात्यात. हजची उड्डाणे भारतीय आणि सौदी विमान कंपन्यांत वाटलेली असल्यामुळे खुल्या स्पर्धेत पडले असते त्याहून अधिक भाडे आकारले जाई, आणि ते फुगलेले भाडे भरून काढण्याला ‘अनुदान’ हे नाव होते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे अनुदान राज्यघटनेच्या सत्ताविसाव्या अनुच्छेदाविरुद्ध नाही असा निर्णय दिला. मात्र ८ मे २०१२ रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने ते दहा वर्षांत क्रमाक्रमाने बंद करण्याचा आदेश दिला. न्या. आलम यांनी त्यासाठी ऐपतीच्या आयतीचाच आधार घेतला. याच निकालात पंतप्रधानांच्या नावे दरवर्षी जाणारे सद्भावना शिष्टमंडळ दोन जणांवर आणून ठेवले गेले, याची मात्र फारशी आठवण कोणी काढीत नाही. ऐपत असलेले पुढारी सरकारी खर्चाने हज करून येत होते, हे त्या अनुदानाइतकेच बोलके होते.

न्यायालयाने आणखी एक गोष्ट म्हटली होती. हा पैसा समाजाच्या शिक्षणाकडे व सामाजिक विकासाकडे वळविता येईल, असे. जानेवारी २०१८ मध्ये, मुदतीच्या चार वर्षे आधीच, केंद्र सरकारने अनुदान संपविले आणि त्यातून वाचणारा पैसा मुलींच्या शिक्षणासाठी वापरू असे सांगितले. त्यानंतर २०२२-२३ पासून अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती थांबली, संशोधकांसाठीची मौलाना आझाद शिष्यवृत्ती बंद झाली, परदेशी शिक्षणासाठीच्या कर्जावरील व्याजसवलतही गेली. अनुदान जाणे योग्यच होते. कोणत्याही धर्माच्या यात्रेचे भाडे धर्मनिरपेक्ष शासनाने भरू नये, आणि हे तत्त्व महाराष्ट्र शासनाच्या २०२४ च्या मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेलाही लागू पडते, जरी ती योजना सर्व धर्मांच्या ज्येष्ठांसाठी असली तरी. परंतु अनुदान काढून घेताना दिलेल्या शब्दाचा हिशेब कोणी मागितला नाही, आणि अनुदानाच्या जागी गरिबाला स्वतःच्या पैशाने जाणे शक्य व्हावे अशी कोणतीही यंत्रणा उभी राहिली नाही. विमानभाड्याची विषमता तर राहिलीच. २०२३ मध्ये नागपूरहून जाणाऱ्याला मुंबईहून जाणाऱ्यापेक्षा साठ हजारांहून अधिक रुपये जास्त मोजावे लागले आणि औरंगाबादहून निघणाऱ्याला त्याहूनही जास्त. जवळच्या विमानतळाची ‘सोय’ वऱ्हाडच्या माणसाला कितीला पडली, हे यावरून कळते.

आता मूळ हिशेबाकडे यावे. हज समितीमार्फत जाण्याचा खर्च सुमारे चार लाख रुपये धरला आणि एखादा गवंडी, रिक्षाचालक किंवा कोरडवाहू शेतकरी मोठ्या निग्रहाने महिन्याला दोन हजार बाजूला टाकतो असे धरले, तर वर्षाला चोवीस हजार होतात. साधा भागाकार सतरा वर्षे सांगतो. परंतु खर्च स्थिर राहत नाही. सौदी रियाल १९८६ पासून डॉलरला ३.७५ या दराने बांधलेला आहे. म्हणजे डॉलरपुढे रुपया घसरला की रियालपुढेही तेवढाच घसरतो. २०१२ मध्ये जो रियाल सुमारे चौदा रुपयांना मिळत होता, तो २०२५ मध्ये तेवीस रुपयांच्या आसपास गेला. वर्षाला सुमारे चार टक्के वाढ ही केवळ चलनाची. त्यात सौदी सरकारने २०१८ मध्ये पाच टक्के मूल्यवर्धित कर लावला आणि २०२० मध्ये तो पंधरा टक्के केला, ते वेगळेच.

चार टक्क्यांनी वाढणाऱ्या चार लाखांचा पाठलाग वर्षाला चोवीस हजार टाकून करणाऱ्याचे काय होते? पहिल्या दहा-अकरा वर्षांत अंतर चार लाखांवरून साडेतीन लाखांपर्यंत येते. तेथून ते पुन्हा वाढू लागते आणि विसाव्या वर्षी परत चार लाखांपाशी पोहोचते. तो कधीच पोहोचत नाही. त्याची बचतही दरवर्षी चार टक्क्यांनी वाढत गेली, असे औदार्याने धरले, तरी अठ्ठावीस वर्षे लागतात. बत्तिसाव्या वर्षी आरंभ केला तर साठाव्या वर्षी. पत्नीसह जावयाचे तर हा हिशेब मांडण्यातच अर्थ नाही. याच वाढत्या बचतीवर खर्चवाढीइतका, म्हणजे चारच टक्के, परतावा मिळाला असता तर सतरा वर्षे पुरली असती. अकरा वर्षांचा हा फरक पैसा निपचित पडून राहिल्याचा आहे.

पैसा निपचित का पडतो? व्याज निषिद्ध मानणारा माणूस बँकेच्या ठेवीकडे संशयाने पाहतो. ठेवले तर चालू खात्यात ठेवतो, किंवा व्याज वेगळे काढून गरिबांना देऊन टाकतो. एरवी पेटी, भिशी आणि सोने. पेटीतल्या पैशाचे नोव्हेंबर २०१६ मध्ये काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. आणि ‘हलाल नफा’ देऊ असे सांगणारे कोणी आले की याच श्रद्धेचा फास होतो. २०१९ मध्ये बंगळुरूची आय-मॉनेटरी ॲडव्हायझरी कोसळली, तेव्हा बुडालेल्यांत मुलीच्या लग्नाचे आणि हजचे पैसे ठेवणारी साधी माणसेच होती.

हा पेच एका अर्थशास्त्रज्ञाने पासष्ट वर्षांपूर्वी ओळखला होता. मलायातील खेड्यांचा अभ्यास करताना उंकू अझीझ यांना दिसले की शेतकरी हजसाठी उशीत आणि जमिनीत पैसे पुरून ठेवतात, शेवटी जमीन व गुरे विकून जातात आणि परत येतात ते भूमिहीन होऊन. १९५९ मध्ये त्यांनी सरकारपुढे योजना मांडली. थोडी थोडी बचत एकत्र करावी, ती व्याजाने न लावता शेती, उद्योग आणि इमारतींत गुंतवावी, नफा खातेदारांत वाटावा. १९६३ मध्ये तेराशेच्या आसपास खातेदारांनिशी काम सुरू झाले. तीच संस्था पुढे ताबुंग हाजी म्हणून जगप्रसिद्ध झाली आणि मलेशियातील लक्षावधी कुटुंबांची बचतपेढी बनली. तिचेही गुणगान आंधळेपणाने करण्याचे कारण नाही. राज्यकर्त्यांचा हात तिजोरीत शिरला, न झेपणारा नफा वाटला गेला आणि २०१७ च्या अखेरीस तिची देणी मालमत्तेपेक्षा सुमारे चार अब्ज रिंगिटने जास्त असल्याचे पुढल्या वर्षी उघडकीस आले. सरकारला ती सावरून धरावी लागली. भारतात अशी संस्था काढली तर तिच्यावर हिशेबतपासणीचा पहारा कसा हवा, ते यावरून समजून घ्यावे.

परंतु भारतात विचार तेथवर गेलाच नाही. २००८ मध्ये रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील वित्तीय सुधारणा समितीने बिनव्याजी बँकव्यवहाराची शिफारस केली होती, ती धर्मासाठी नव्हे, तर समाजाचा एक मोठा भाग बँकांबाहेर राहतो म्हणून. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचे ठरविले. सर्वांना बँकसेवा उपलब्ध आहेच, हे कारण दिले गेले. सेवा उपलब्ध असणे आणि ती घेणे श्रद्धेला पटणे यांत फरक आहे, हे अर्थखात्यातील पदवीधरांना कळत नसेल असे मानवत नाही.

यात शासनाने धर्मकार्य करावे असे कोणी म्हणत नाही. गरिबाच्या बचतीचे संरक्षण हे कोणत्याही समाजवादी विचारात शासनाचेच काम आहे, मग तो ती बचत पंढरीसाठी करो, मक्केसाठी करो किंवा विहिरीसाठी. सहकाराची परंपरा असलेल्या वऱ्हाडात, जेथल्या पंजाबराव देशमुखांनी १९३३ च्या कर्ज लवाद कायद्याने शेतकऱ्याच्या कर्जाला हात घातला, तेथे नफा-तोटा वाटून घेणाऱ्या, सहकार खात्याच्या तपासणीखालील बचत योजनेची मागणी अनाठायी ठरू नये. आणि त्याहून सोपी गोष्ट हज समितीला आजच करता येण्यासारखी आहे. सोडतीत नाव येईपर्यंत थांबून मग एकदम दीड लाख मागण्याऐवजी, इच्छुकाला आधीची पाच-सहा वर्षे कापूस-सोयाबीनचे चुकारे हाती येतील तसे, थोडे थोडे भरू द्यावे. नाव न आल्यास रक्कम पूर्ण परत मिळावी. तिकडे मशिदीच्या मिंबरावरून हजची महती सांगणाऱ्या उलेमांनी देणी, मेहेर आणि घरच्यांचा निर्वाह हा ऐपतीचा भागही त्याच आवाजात सांगावा. पुनःपुन्हा उमरा करून येणाऱ्या धनिकांपुढे तर तो विशेष मोठ्याने सांगावा, कारण त्यांच्याच थाटाकडे पाहून शेजारचा हमाल उचल घेतो.

कापसाचा भाव तर त्या वर्षी आणखीच बेभरवशाचा ठरला. ऐन फुलोऱ्यात, ऑगस्ट २०२५ मध्ये, केंद्राने कापसावरील अकरा टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत उठविले. हजच्या पहिल्या हप्त्याची मागणीही त्याच महिन्यातली. चांद्रवर्ष सौरवर्षाहून दहा-अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे हजचे दिवस दरवर्षी मागे सरकतात. २०२६ ची हज मे महिन्याच्या अखेरीस, २०३० ची एप्रिलच्या मध्यास येते. सोडत आठ-नऊ महिने आधी काढण्याचा क्रम असाच राहिला, तर पहिला हप्ता तोवर ऑगस्टवरून जुलैत, ऐन पेरणीत येईल आणि त्यापुढील काही वर्षांत जूनमध्ये, जेव्हा वऱ्हाडातील शेतकरी पीककर्जासाठी बँकेच्या दारात रांगेत उभा असतो.